ब्राउझर आणि संचालन-प्रणाली : तुलनेच्या निकषांचा विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

महाजालावरील लिखाण वाचण्यासाठी जी आज्ञावली वापरली जाते तिला ब्राउझर म्हणतात. आणि संगणकाची यंत्रसामग्री व इतर आज्ञावल्या यांच्यामध्ये राहून त्यांचा परस्परव्यवहार जी चालविते तिला ऑपरेटिंग सिस्टीम अथवा संचालन-प्रणाली म्हणतात. विंडोजवर कोणता ब्राउझर उत्तम, मॅकवर कोणता आणि लिनक्सवर कोणता, हा प्रश्न वारंवार विचारला जातो, आणि वेग, स्मृतीचा खर्च व सोयी यांची कोष्टके मांडून त्याचे उत्तर देण्याची प्रथा आहे. या कोष्टकांमागे एक गृहीत असते. ब्राउझरचे नाव हे एका निश्चित वस्तूचे नाव असून प्रणाली बदलली तरी ती वस्तू तीच राहते, असे ते गृहीत आहे. वस्तुतः हे गृहीत फारसे टिकत नाही. एकाच नावाखाली दोन प्रणालींवर दोन निराळ्या आज्ञावल्या असू शकतात. उलट चार निरनिराळ्या नावांखाली एकच आज्ञावली असू शकते. म्हणून तुलना करण्यापूर्वी तुलनेचे घटक वेगळे करणे अवश्य ठरते.

हे घटक तीन आहेत. पहिला घटक म्हणजे बाह्य आवरण : खिडकी, पत्त्याची पट्टी, खुणा, टॅब इत्यादी. दुसरा घटक म्हणजे इंजिन. सर्व्हरकडून आलेल्या संहितेचा अर्थ लावून तिचे दृश्य पानात रूपांतर करणारा हा भाग होय. तिसरा घटक म्हणजे संचालन-प्रणालीकडून ब्राउझर ज्या सेवा मागून घेतो त्या : अक्षरे रेखाटणे, चित्रफीत उलगडणे, परवलीचे शब्द जपणे, धोक्याच्या आज्ञांना कोंडून ठेवणे. वापरणाऱ्यास पहिला घटक दिसतो, दुसऱ्याचा केवळ परिणाम जाणवतो, आणि तिसऱ्याचे अस्तित्व बहुधा ध्यानातही येत नाही. परंतु दोन प्रणालींवरील अनुभवात जो फरक पडतो त्याचा उगम प्रामुख्याने दुसऱ्या व तिसऱ्या घटकांत असतो.

२. आरंभीचा इतिहास

हा प्रश्न ब्राउझरच्या जन्माबरोबरच उद्भवला. स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधन-संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये पहिला ब्राउझर रचला, तो नेक्स्ट नावाच्या संगणकावर. पाने वाचणे आणि लिहिणे या दोन्ही क्रिया त्यात करता येत. परंतु तसे संगणक फार थोड्या लोकांपाशी होते. ज्या साधनाचा हेतू जगातील सर्व संगणकांना जोडण्याचा, ते साधन स्वतः एकाच प्रणालीत अडकले होते. या अडचणीवर तोडगा म्हणून सर्नमध्येच निकोला पेलो यांनी १९९१ मध्ये केवळ अक्षरे दाखविणारा, ओळीमागून ओळ छापणारा एक ब्राउझर लिहिला. त्यात चित्रे नव्हती की खिडक्या नव्हत्या. आणि नेमक्या याच कारणाने तो अनेक प्रकारच्या संगणकांवर चालू शकला. प्रणालीकडून जितके कमी मागावे तितके अधिक ठिकाणी जाता येते, आणि जितके अधिक मागावे तितके त्या प्रणालीशी बांधले जावे लागते, हा नियम येथेच प्रथम दिसून येतो. पुढील तीस वर्षांचा इतिहास हा बव्हंशी याच नियमाचा विस्तार आहे.

इलिनॉय विद्यापीठातील राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग केंद्रात मार्क अँड्रीसन व एरिक बीना यांनी रचलेला मोझेइक १९९३ मध्ये प्रथम युनिक्सवर प्रकाशित झाला व त्याच वर्षी मॅक व विंडोजसाठीही उपलब्ध झाला. प्रत्येक प्रणालीसाठी स्वतंत्र आवृत्ती सिद्ध करण्याचा हा मार्ग पुढे नेटस्केपने १९९४ पासून अनुसरला. १९९५ मध्ये मायक्रोसॉफ्टने मोझेइकच्याच संहितेचा परवाना घेऊन इंटरनेट एक्सप्लोरर हा ब्राउझर आणला, आणि तेव्हापासून ब्राउझर व संचालन-प्रणाली यांचा संबंध हा केवळ तांत्रिक प्रश्न न राहता व्यापाराचा आणि कायद्याचाही प्रश्न बनला.

३. एक नाव, भिन्न वस्तू

नावावरून तुलना करणे किती फसवे ठरते याचे उत्तम उदाहरण इंटरनेट एक्सप्लोररनेच पुरविले आहे. २००० साली मॅकसाठी प्रकाशित झालेल्या त्याच्या पाचव्या आवृत्तीत टास्मन नावाचे इंजिन होते, तर विंडोजवरील आवृत्तीत ट्रायडंट नावाचे. दोन्ही इंजिने एकाच कंपनीची होती, परंतु पानाच्या मांडणीचे नियम ती निरनिराळ्या रीतीने लावीत. त्यामुळे 'इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये पान नीट दिसते' या विधानाला प्रणालीचा उल्लेख केल्यावाचून अर्थच उरत नसे.

आजचे तितकेच बोधप्रद उदाहरण आयफोनचे आहे. त्या प्रणालीवर अन्य कोणाचेही इंजिन चालू द्यावयाचे नाही, प्रत्येक ब्राउझरने अ‍ॅपलचे वेबकिट हेच इंजिन वापरले पाहिजे, असा अ‍ॅपलचा नियम आहे. क्रोम २०१२ मध्ये व फायरफॉक्स २०१५ मध्ये आयफोनवर आले ते या अटीखालीच. म्हणजे अँड्रॉइडवरील फायरफॉक्समध्ये गेको हे इंजिन असते आणि आयफोनवरील फायरफॉक्समध्ये वेबकिट; आवरण, चिन्ह व नाव तेवढे समान. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारपेठांविषयीच्या कायद्यामुळे मार्च २०२४ पासून त्या संघातील देशांपुरती ही अट सैल करावी लागली. म्हणून यापुढे केवळ प्रणाली सांगूनही भागणार नाही. उपकरण कोणत्या देशात वापरले जात आहे हेही क्वचित सांगावे लागेल.

याच्या उलट प्रकारही तितकाच प्रचलित आहे. गूगलने २००८ मध्ये क्रोम आणला तो वेबकिटच्या आधारे. आणि वेबकिट स्वतः लिनक्सवरील केडीई प्रकल्पाच्या केएचटीएमएल या इंजिनापासून निघालेले. २००३ मध्ये अ‍ॅपलने सफारीसाठी तेच निवडले होते. २०१३ मध्ये गूगलने वेबकिटपासून फारकत घेऊन ब्लिंक नावाची स्वतंत्र शाखा काढली. त्याच वर्षी ऑपेराने आपले प्रेस्टो हे इंजिन सोडून देऊन क्रोमियमचा आश्रय घेतला. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये विंडोज १० बरोबर एज हा ब्राउझर स्वतःच्या इंजिनासह आणला. परंतु डिसेंबर २०१८ मध्ये ते इंजिन सोडण्याचे जाहीर करून जानेवारी २०२० मध्ये क्रोमियमवर आधारलेला नवा एज प्रकाशित केला. परिणामतः विंडोजवर क्रोम, एज, ऑपेरा, ब्रेव्ह व विवाल्डी यांची तुलना करणारा मनुष्य वस्तुतः एकाच इंजिनाच्या पाच आवरणांची तुलना करीत असतो. ती तुलना निरर्थक नव्हे. गोपनीयतेचे धोरण, जाहिरातींचा प्रतिबंध इत्यादी बाबतींत आवरणांचे भेद महत्त्वाचे असतात. परंतु पानाचा अर्थ लावण्याच्या बाबतीत ती तुलना नाहीच.

सारांश, आज व्यापक वापरातील स्वतंत्र इंजिने तीनच उरली आहेत : ब्लिंक, वेबकिट आणि गेको. विंडोज, मॅक, लिनक्स व अँड्रॉइड या चारही प्रणालींवर ब्लिंक आणि गेको उपलब्ध आहेत. सफारी हा केवळ अ‍ॅपलच्या प्रणालींवर आहे. २००७ मध्ये त्याची विंडोजसाठी आवृत्ती निघाली होती, परंतु २०१२ नंतर ती बंद पडली. वेबकिटची एक शाखा मात्र लिनक्सवर नोम प्रकल्पाच्या 'वेब' नामक ब्राउझरमध्ये जिवंत आहे. ज्या अभ्यासकापाशी अ‍ॅपलचा संगणक नाही त्यास वेबकिटचे वर्तन पाहण्याचा हा एक मार्ग होय. परंतु सफारीची तंतोतंत प्रचीती त्याने येत नाही, आणि त्याचे कारण तिसऱ्या घटकात आहे.

४. प्रणालीकडून घेतलेल्या सेवा

इंजिन तेच असूनही प्रणाली बदलताच फरक का पडतो, हे काही सेवांच्या उदाहरणांनी स्पष्ट होईल.

पहिली सेवा अक्षरे रेखाटण्याची. मॅकवर अक्षराचा मूळ आकार राखण्याकडे कल असतो, मग त्याच्या कडा किंचित धूसर झाल्या तरी चालतात. विंडोजवर अक्षराच्या रेषा पडद्यावरील बिंदूंच्या चौकटीशी जुळवून घेऊन ती ठळक करण्याची परंपरा आहे. २००७ मध्ये सफारी विंडोजवर आला तेव्हा त्याने मॅकची रीत बरोबर आणली. विंडोजच्या वापराची सवय झालेल्या अनेकांस तीच अक्षरे अस्पष्ट वाटली. दोष कोणत्याही एका बाजूचा नव्हता. दोन प्रणालींच्या अक्षरविषयक दृष्टीतला तो भेद होता.

दुसरी सेवा चित्रफितीची. चित्रफीत उलगडण्याचे काम यंत्रातील खास मंडलाकडे सोपविले तर मध्यवर्ती प्रक्रियकावरचा भार व विजेचा व्यय दोन्ही कमी होतात. विंडोज व मॅक यांवर ही सोय ब्राउझरांना पूर्वीपासून सुलभ आहे. लिनक्सवर यंत्रांचे व चालक-आज्ञावल्यांचे वैविध्य मोठे असल्याने ती उशिरा आली. फायरफॉक्सने इंटेलच्या ग्राफिक्स-यंत्रणेसाठी ती २०२३ मधील ११५ व्या आवृत्तीत आपोआप चालू केली. तेव्हा 'फायरफॉक्स बॅटरी अधिक खातो' हे विधान एका प्रणालीवर खरे आणि दुसऱ्यावर खोटे असणे सहज शक्य आहे.

तिसरी सेवा सुरक्षिततेची. अनोळखी संकेतस्थळावरून आलेल्या आज्ञा एका बंदिस्त प्रक्रियेत चालवाव्यात, तिला संगणकातील फाइलींना हात लावू देऊ नये, हे तत्त्व आता सर्व प्रमुख ब्राउझरांनी स्वीकारले आहे. परंतु ही कोंडी ब्राउझरला एकट्याने उभारता येत नाही. तिच्या भिंती संचालन-प्रणालीच पुरविते. विंडोजवर अधिकार काढून घेतलेल्या प्रक्रिया, लिनक्सवर केर्नेलला करता येणाऱ्या विनंत्यांची चाळणी, मॅकवर त्या प्रणालीची स्वतःची बंधन-यंत्रणा, अशी भिन्न साधने वापरून क्रोम एकच हेतू साधतो. त्या भिंती सर्वत्र सारख्याच भक्कम असतात असे धरून चालता येत नाही.

चौथी सेवा विश्वासाची. एखादे संकेतस्थळ खरोखर तेच आहे हे ठरविण्यासाठी प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांची एक यादी लागते. फायरफॉक्स ही यादी स्वतः बाळगतो. सफारी अ‍ॅपलच्या प्रणालीची यादी मानतो. क्रोम पूर्वी प्रणालीवर विसंबत असे, परंतु २०२२ पासून त्याने स्वतःची यादी वापरण्यास प्रारंभ केला. कोणावर विश्वास ठेवावा हा निर्णय प्रणालीचा की ब्राउझरचा, याविषयी अजूनही एकवाक्यता नाही, हे यावरून दिसते.

या सेवांच्या जोडीला आयुर्मर्यादेचा प्रश्न येतो. क्रोमने विंडोज ७ चा आधार २०२३ च्या प्रारंभी, १०९ व्या आवृत्तीनंतर सोडला. फायरफॉक्सने त्या प्रणालीसाठी ११५ ही दीर्घ मुदतीची शेवटची आवृत्ती ठेवून तिच्या सुरक्षा-सुधारणा त्यानंतरही काही काळ चालू ठेवल्या. आयफोनवर तर वेबकिट प्रणालीबरोबरच अद्ययावत होत असल्याने ज्या जुन्या उपकरणास प्रणालीची नवी आवृत्ती मिळत नाही, त्यास ब्राउझर बदलूनही नवे इंजिन लाभत नाही. जुन्या यंत्रांवर काम भागवावे लागणाऱ्या प्रयोगशाळांच्या दृष्टीने वेगाच्या शर्यतीपेक्षा ही बाब अधिक मोलाची आहे.

५. देवनागरीची कसोटी

मराठी वाचकाच्या दृष्टीने या तिसऱ्या घटकाचे महत्त्व सर्वांत स्पष्टपणे दिसते ते देवनागरीच्या बाबतीत. रोमन लिपीत चिन्हे ज्या क्रमाने साठविली जातात त्याच क्रमाने मांडली की काम भागते. देवनागरीत तसे होत नाही. 'कि' या अक्षरात ऱ्हस्व वेलांटी क-नंतर साठविली जाते, परंतु क-पूर्वी रेखाटावी लागते. 'र्क' मध्ये आधी साठविलेला र नंतर रेफ होऊन डोक्यावर चढतो. 'क्ष', 'त्र', 'द्ध' यांत स्वतंत्र आकृती घ्यावी लागते. हे काम करणारा अक्षरजुळणीचा भाग जेथे नसेल तेथे पाय मोडलेली व्यंजने आणि चुकीच्या जागी पडलेल्या वेलांट्या दिसतात.

विंडोज २००० मध्ये युनिस्क्राइब या नावाने हा भाग व मंगल हा टंक आला. विंडोज एक्सपीमध्ये तो अंतर्भूत असला तरी भारतीय लिप्यांसाठी मुद्दाम बसवून घ्यावा लागे. लिनक्सवर हे काम पँगो करीत असे, मॅकवर अ‍ॅपलची स्वतःची यंत्रणा. परिणामी तेच मराठी पान, त्याच ब्राउझरमध्ये, एका प्रणालीवर वाचनीय तर दुसऱ्यावर भग्न दिसे.

त्याही आधीच्या काळात अडचण याहून मोठी होती. युनिकोडचा प्रसार होण्यापूर्वी मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर ज्याच्या त्याच्या खाजगी संकेतनाचे टंक असत. वाचकाने टंक उतरवून घेण्याचा खटाटोप टाळावा म्हणून पानाबरोबर टंक पाठविण्याची युक्ती निघाली. परंतु इंटरनेट एक्सप्लोररची टंकरचना निराळी आणि नेटस्केपची निराळी. ज्या संकेतस्थळाने पहिलीच स्वीकारली, त्याचे मराठी विंडोजबाहेरच्या वाचकास अर्थहीन रोमन चिन्हांच्या रूपात दिसे. त्या लिखाणाचा शोध घेणे, त्यातून अवतरण काढणे किंवा ते पुढे जतन करणे हे सर्वच दुष्कर झाले. मराठीतील त्या काळच्या वृत्तलेखनाच्या अभ्यासकास आज जी उणीव भासते तिच्या कारणांत एका ब्राउझरवर व एका प्रणालीवर विसंबण्याचाही वाटा आहे.

मोबाइलवर याच अडचणीतून एक चमत्कारिक मार्ग निघाला. ज्या साध्या फोनांत देवनागरी टंकच नव्हता त्यांवर ऑपेरा मिनी या ब्राउझरमध्ये एक गुप्तप्राय सोय होती : गुंतागुंतीच्या लिप्यांतील अक्षरे दूरच्या सर्व्हरवरच चित्ररूपाने रेखाटून फोनकडे धाडावयाची. प्रणाली जे देऊ शकत नव्हती ते येथे सर्व्हरने दिले.

पुढे हार्फबझ ही मुक्त-स्रोत अक्षरजुळणी फायरफॉक्स व क्रोम या दोहोंनीही आयफोन वगळता इतर प्रणालींवर स्वीकारली, आणि त्यांच्यापुरता प्रणालीगत भेद बहुतांशी नाहीसा झाला. सफारी मात्र अ‍ॅपलच्या कोअर टेक्स्ट यंत्रणेवर चालतो, तर लिनक्सवरील वेबकिट हार्फबझवर. म्हणूनच नोमच्या ब्राउझरवरून सफारीतील मराठीविषयी निश्चित अनुमान काढता येत नाही. परीक्षेसाठी शब्दही मराठीतीलच घ्यावेत. 'दऱ्या', 'सुऱ्या' यांतील अर्धा र हिंदीत नसल्याने हिंदी नमुन्यांवर केलेल्या चाचण्यांत तो सुटतो. तसेच ल व श यांची मराठी वळणे टंकात समाविष्ट असली तरी पानाची भाषा मराठी म्हणून नोंदलेली असेल आणि ब्राउझरने ती माहिती अक्षरजुळणीपर्यंत पोहोचविली तरच ती प्रकट होतात.

६. एका इंजिनाचे प्राबल्य

येथवरच्या विवेचनावरून असे वाटण्याचा संभव आहे की, सर्वांनी एकच इंजिन वापरावे म्हणजे सगळे भेद मिटतील. हा उपाय जगाने एकदा अनुभविला आहे. ब्राउझर हा विंडोजचाच अविभाज्य भाग आहे असा मायक्रोसॉफ्टचा युक्तिवाद होता. त्यावरून अमेरिकेत १९९८ मध्ये दाखल झालेल्या खटल्यात अपील न्यायालयाने २००१ मध्ये कंपनीच्या विभाजनाचा आदेश रद्द केला, तथापि तिने मक्तेदारी बेकायदेशीरपणे टिकविल्याचा निष्कर्ष कायम ठेवला. तोवर स्पर्धा जवळजवळ संपली होती. इंटरनेट एक्सप्लोररची सहावी आवृत्ती २००१ मध्ये निघाली आणि सातवी २००६ मध्ये. मधल्या पाच वर्षांत मानके काय म्हणतात यापेक्षा ती एक आवृत्ती काय करते हाच संकेतस्थळे रचणाऱ्यांचा नियम झाला. तिच्यातील चुकाही प्रमाण मानल्या गेल्या.

दक्षिण कोरियात याचा परिणाम सर्वांत खोल गेला. तेथे १९९८ मध्ये सीड ही स्वदेशी कूटपद्धती तयार झाली. ब्राउझरांत ती अंगभूत नसल्याने बँकांनी ती अ‍ॅक्टिव्हएक्स या, केवळ विंडोजवरील इंटरनेट एक्सप्लोररमध्ये चालणाऱ्या, जोडणीद्वारे पुरविली. मग बँकेचे व सरकारी कामकाज अनेक वर्षे त्या एकाच जोडीवर अवलंबून राहिले. मॅक वा लिनक्स वापरणाऱ्या नागरिकास त्यासाठी विंडोजचा संगणक शोधावा लागे. अधिकृत प्रमाणपत्राचे विशेष स्थान कायद्याने संपुष्टात आले ते डिसेंबर २०२० मध्ये. तांत्रिक निवड एकदा सार्वजनिक व्यवहारात रुजली की ती उपटून काढण्यास किती काळ लागतो, याचे हे उदाहरण आहे.

आजचे ब्लिंकचे प्राबल्य त्या काळच्या स्थितीशी सर्वस्वी तुल्य नाही. ब्लिंकची संहिता मुक्त-स्रोत आहे, ते आयफोन वगळता इतर प्रमुख प्रणालींवर चालते, आणि त्याचा विकास थांबलेला नाही. शिवाय अ‍ॅपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट व मोझिला हे सर्व पक्ष समान चाचण्यांचा संच चालवितात आणि इंटरऑप या नावाने दरवर्षी काही निवडक बाबतींत आपली इंजिने परस्परांशी जुळवून घेतात. परंतु मानक आणि त्याचे एकमेव उदाहरण यांत अंतर न राहिल्यास मानकाला अर्थ उरत नाही, हा धडा कायम आहे. संहितेचा एखादा नियम दोन स्वतंत्र इंजिनांनी एकाच रीतीने पाळला, तरच तो नियम पुरेसा स्पष्ट लिहिला आहे असे सिद्ध होते. ज्याप्रमाणे हस्तलिखिताचा पाठ एकाच पोथीवरून निश्चित करता येत नाही, त्याप्रमाणेच हे आहे.

७. निष्कर्ष

तात्पर्य, ब्राउझरांची तुलना नावांवरून न करता घटकांवरून करावी. ज्या प्रयोगात आवरण, इंजिन आणि प्रणाली ही तिन्ही एकदम बदलतात, त्यातून कशाविषयीच अनुमान निघत नाही. इंजिनाचा परिणाम जाणावयाचा तर प्रणाली स्थिर ठेवून ब्लिंक व गेको यांची तुलना करावी; प्रणालीचा परिणाम जाणावयाचा तर तोच ब्राउझर, तीच आवृत्ती, शक्य तर तेच यंत्र घेऊन त्यावर विंडोज व लिनक्स आळीपाळीने चालवावे; आवरणाचा परिणाम जाणावयाचा तर एकाच प्रणालीवर क्रोम व एज यांची तुलना करावी. निष्कर्ष नोंदविताना ब्राउझरची आवृत्ती, इंजिन, प्रणाली व तिची आवृत्ती ही चारही अंगे लिहावीत. आणि पान मराठी असेल तर तपासणीही मराठी मजकुरावरच व्हावी.

विद्यापीठे, ग्रंथालये व शासकीय कार्यालये यांच्या दृष्टीने या विवेचनाचा अर्थ अधिक व्यवहार्य आहे. 'अमुक ब्राउझरमध्येच उघडावे' अशी सूचना ज्या संकेतस्थळावर द्यावी लागते त्याची रचना मानकाला धरून नाही, इतकेच ती सूचना सांगत असते. ज्यांच्यापाशी तो ब्राउझर व ती प्रणाली नाही असे वाचक आज बाहेर राहतात, आणि ती प्रणाली कालबाह्य झाली की उद्या ते लिखाणच सर्वांना दुर्गम होते. किमान दोन स्वतंत्र इंजिनांवर आणि दोन प्रणालींवर पान पारखून घेणे हे फार मोठ्या खर्चाचे काम नाही. ते न केल्यास काय हरवते, याची साक्ष मराठी जालाच्या पहिल्या दशकातील न वाचता येणारी पाने देत आहेत.